जबड्याचं ऑपरेशन आणि चिठ्ठीवरची डिप्रेशनची गोळी

जबड्याचं ऑपरेशन होऊन दोन-अडीच महिने झालेत. सूज उतरली, दात नीट जुळले, भाकरी नाही तरी मऊ भात चावता येऊ लागला. पण हनुवटीच्या एका बाजूला सतत जाळ होतो. दाढी करताना वस्तरा फिरला किंवा थंड वारा लागला, की करंट बसल्यासारखी कळ ओठापर्यंत जाते. सर्जन तपासतात, एक्स-रे बघतात. प्लेट जागेवर, स्क्रू घट्ट, कुठे पू नाही. मग ते चिठ्ठीवर लिहितात: अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम, रात्री झोपताना एक. केमिस्टच्या दुकानाबाहेर उभं राहून मोबाइलवर ते नाव टाकलं, की पहिल्याच ओळीत येतं, ‘नैराश्यावरील औषध’.

इथे अनेकांचा उपचार संपतो. ‘माझं दुखणं म्हणजे डॉक्टरांना मनाचे खेळ वाटतात’ असा अर्थ काढून पाकीट कपाटात जातं. ज्यांना हा अर्थ खरा वाटतो त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण चिठ्ठी देताना दोन मिनिटं बसून सांगणारे डॉक्टर कमी. तेवढं सांगण्यासाठी हा लेख.

आधी ऑपरेशन. आपल्याकडे जबड्याच्या ऑपरेशनपर्यंत माणूस साधारण तीन वाटांनी पोचतो. एक अपघाताची, म्हणजे बहुधा हेल्मेटशिवाय दुचाकीवरून पडल्याची. दुसरी तंबाखू-गुटख्याची. गाल आणि हिरडीच्या कॅन्सरमध्ये जबड्याचा तुकडा काढावा लागतो, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी परळच्या टाटा हॉस्पिटलमधली गर्दी काही वेगळंच सांगते. तिसरी वाट पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा सरळ करण्याची. या तिसऱ्या प्रकारातलं सगळ्यात जास्त केलं जाणारं ऑपरेशन ट्राउनर आणि ओब्वेगेझर या सर्जनांनी १९५७ साली इंग्रजीत मांडलं. खालच्या जबड्याचं हाड मागच्या बाजूला दोन्हीकडे उभं चिरायचं, पुढचा भाग हवा तेवढा सरकवायचा आणि छोट्या टायटॅनियमच्या प्लेटा लावून पक्का करायचा.

अडचण अशी, की जिथे हाड चिरायचं तिथूनच एक नस जाते. खालच्या जबड्याच्या आतून, हाडातल्या बोगद्यातून, दाढांच्या मुळांखालून ती पुढे येते आणि हनुवटीजवळच्या एका छिद्रातून बाहेर पडते. खालचे दात, खालचा ओठ आणि हनुवटीची कातडी यांची सगळी संवेदना तिच्याकडे. सर्जन कितीही कसबी असला तरी हाड वेगळं करताना ती ताणली जाते, दबते, कधी खरचटते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत ओठ-हनुवटी बधिर असणं हे या ऑपरेशनात अपेक्षितच असतं. चहा पिताना ओठावरून ओघळ येतो आणि कळत नाही. कॅन्सरच्या ऑपरेशनात तर नस हाडाबरोबर कापूनच टाकावी लागते.

ताणलेली नस बहुतेकदा आपली आपण सावरते. आतला तंतू तुटला असेल आणि बाहेरचं आवरण शाबूत असेल, तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतो. काही सेंटीमीटर अंतर कापायला काही महिने लागतात. वाटेत मुंग्या येतात, खाज सुटते, टोचल्यासारखं होतं. ही बहुधा सुधारणेची लक्षणं.

आणि इथे एक फरक पक्का ध्यानात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बधिरपणा ही एक गोष्ट आणि दुखणं ही दुसरी. बधिरपणावर या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. नस त्यांनी लवकर भरून येत नाही, हाड त्यांनी लवकर सांधत नाही. त्यांचं काम फक्त दुसऱ्या गोष्टीशी, आणि तिच्यातल्याही एका खास प्रकाराशी आहे.

तो प्रकार असा. जखमी नस भरून येताना कधी कधी चुकीची भरते. तिच्या तुटक्या टोकाशी सोडियमचे मार्ग (विद्युत संदेश सुरू करणारी दारं) दाटीवाटीने जमा होतात आणि ती कुणी हात न लावताही संदेश सोडू लागते. हे संदेश मेंदूच्या देठात, चेहऱ्याच्या संवेदना जिथे पहिल्यांदा पोचतात त्या केंद्रात, दिवसरात्र आदळत राहिले की तिथल्या पेशी हळव्या होतात. मग साधा स्पर्शही वेदना म्हणून वाचला जातो. उशी लागली तरी दुखतं, लिपस्टिक लावताना आग होते. जखम भरलेली असते, पण जखमेची बातमी चालूच राहते. चेहरा आणि तोंडाच्या वेदनांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०२० साली आलं, त्यात या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे: इजेनंतर सहा महिन्यांच्या आत सुरू झालेलं आणि तीन महिन्यांहून अधिक टिकलेलं नसेचं दुखणं. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, कारण त्या गोळ्या सूज आणि ताज्या जखमेसाठी आहेत.

मग नैराश्याची गोळी इथे आली कुठून?

स्वित्झर्लंडमध्ये, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन इथल्या मनोरुग्णालयात रोलंड कून नावाचे डॉक्टर गायगी कंपनीचं एक नवं रसायन रुग्णांना देऊन पाहत होते. अपेक्षा होती ते स्किझोफ्रेनियावर चालेल. तिथे ते चाललं नाही, पण खोल नैराश्यातली माणसं उठून बसू लागली. कून यांनी १९५७ साली हे प्रसिद्ध केलं. ते रसायन म्हणजे इमिप्रामिन. त्याचंच भावंड असलेलं अमिट्रिप्टिलीन १९६१ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. पण त्याआधी, १९६० मध्येच, फ्रान्समधल्या डॉक्टरांनी इमिप्रामिनने दुखणंही कमी होतं अशी नोंद केली होती. तेव्हा सरळ स्पष्टीकरण दिलं जाई: मन हलकं झालं म्हणून दुखणं हलकं झालं.

हे स्पष्टीकरण चुकीचं आहे हे दाखवायला वीस-तीस वर्षं लागली. कॅनडात पीटर वॉटसन यांनी १९८२ साली नागिणीनंतर राहणाऱ्या जळजळीवर अमिट्रिप्टिलीन वापरून दाखवलं. ज्यांना गुण आला त्यातल्या बहुतेकांना नैराश्य नव्हतंच. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिचेल मॅक्स आणि सहकाऱ्यांनी मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या रुग्णांवर तीन नैराश्यविरोधी औषधं आणि एक साखरेची गोळी अशी तुलना केली. १९९२ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. बऱ्यापैकी आराम पडला तो अमिट्रिप्टिलीनने ७४ टक्के रुग्णांना, डेसिप्रामिनने ६१ टक्क्यांना, फ्लुओक्सेटिनने ४८ टक्क्यांना आणि नुसत्या साखरेच्या गोळीने ४१ टक्क्यांना. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं उत्तम औषध, त्या काळी तर जगभर गाजत होतं. दुखण्यावर मात्र ते साखरेच्या गोळीच्या जेमतेम पुढे. मन सुधारल्यानेच दुखणं कमी होत असतं, तर निकाल असा लागला नसता.

फरक कशामुळे पडला? मेंदू खालून वर येणाऱ्या वेदनेवर स्वतःचा ताबा ठेवतो. मध्यमेंदू आणि देठातल्या काही केंद्रांपासून तंतू खाली उतरतात आणि वेदनेचा संदेश जिथे एका पेशीतून दुसरीत जातो तिथे नॉरएड्रिनॅलिन सोडतात. कालव्यावरचा पाटकरी जसा दार खाली टाकून चारीतलं पाणी कमी करतो, तसं हे रसायन वर जाणारा संदेश आवळून धरतं. काम झालं की पेशी ते रसायन परत ओढून घेतात. अमिट्रिप्टिलीन आणि ड्युलोक्सेटिन हे दुसरं एक नैराश्यविरोधी औषध ही ओढ अडवतात, त्यामुळे ताबा जास्त वेळ टिकतो. फ्लुओक्सेटिन मुख्यतः सेरोटोनिनवर काम करतं, नॉरएड्रिनॅलिनवर फारसं नाही. म्हणून ते इथे लंगडं पडतं. शिवाय अमिट्रिप्टिलीन सोडियमचे मार्गही काही प्रमाणात बंद करतं. ही गोळी चुकून तोंडात विरघळली तर जीभ बधिर होते, ती त्यामुळेच.

जबड्याच्या बाबतीत आणखी एक जुना अभ्यास आहे. जेरुसलेममध्ये याईर शराव आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली चेहऱ्याच्या जुनाट दुखण्यावर अमिट्रिप्टिलीनचे दोन डोस तुलनेला घेतले. एका गटाला दिवसाला सरासरी २४ मिलिग्रॅमच्या आसपास, दुसऱ्याला १२९ च्या आसपास. दुखण्यावर दोन्हींचा परिणाम सारखाच. नैराश्यासाठी साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतात. म्हणजे चिठ्ठीवरचे १० किंवा २५ हे नैराश्याच्या उपचाराच्या तुलनेत नगण्य. तुमच्या डॉक्टरांना तुम्ही खचलेले वाटत असता, तर त्यांनी एवढीशी मात्रा लिहिली नसती. आकडा पाहा, उत्तर तिथेच आहे.

आता ‘ऑफ-लेबल’ या शब्दाबद्दल थोडक्यात. औषधाला परवानगी मिळते ती ठरावीक आजारांसाठी. अमेरिकेत एफडीएकडून, आपल्याकडे केंद्रीय औषध नियंत्रकांकडून. त्या यादीबाहेरच्या आजारासाठी डॉक्टरांनी आपल्या अनुभवावर आणि उपलब्ध पुराव्यावर ते दिलं, तर तो ऑफ-लेबल वापर. जुन्या, स्वस्त झालेल्या औषधासाठी नव्या आजाराची परवानगी मागायला सहसा कुठली कंपनी पैसे घालत नाही, त्यामुळे अशा गोळ्या वर्षानुवर्षं यादीबाहेरच राहतात. ड्युलोक्सेटिनला अमेरिकेत २००४ मध्येच नैराश्याबरोबर मधुमेही नसदुखीसाठीही परवानगी मिळाली, पण जबड्याच्या नसेचं नाव तिथेही नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात मात्र नसेच्या दुखण्यावर पहिल्या फळीत जी चार औषधं आहेत, त्यात अमिट्रिप्टिलीन आणि ड्युलोक्सेटिन दोन्ही आहेत. अपवाद ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा. त्यावर आधी कार्बामाझेपिन द्यायचं. त्या आजारात विजेसारखी कळ क्षणभर येते आणि जाते. ऑपरेशननंतरच्या दुखण्यात बहुधा खाली एक सततची आग असते. दोन्ही एकाच नसेच्या कुळातले असल्याने गल्लत होते, आणि तपासणाऱ्याने ती वेगळी करायला हवी.

गोळी लिहिण्याआधी खरं तर बरंच काही वगळायचं असतं. स्क्रूचं टोक नसेला टेकलंय का, हाडात जंतुसंसर्ग आहे का, सांधा निसटतोय का. आणि कॅन्सरच्या रुग्णात नवं किंवा वाढतं दुखणं आलं, तर गाठ परत आली नाही ना, हे सगळ्यात आधी. तिथे आधी गोळी देऊन महिनाभर वाट पाहणं धोक्याचं आहे.

सुरुवात रात्रीच्या १० मिलिग्रॅमने होते. गुंगी येते म्हणून रात्री. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडी वाढ, बहुधा २५, क्वचित ५० किंवा ७५ पर्यंत. पहिल्या दोन-तीन रात्रींत झोप सुधारते. दुखण्यावरचा परिणाम एक-दोन आठवड्यांत जाणवू लागतो, पण पुरेशा डोसवर सहा-आठ आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नये. दुखलं की घ्यायची ही गोळी नाही. ‘आज बरं वाटतंय, आज नको’ असं केलं तर काहीच हाती लागत नाही.

या औषधाचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे तोंड कोरडं पडणं. इतर कुठल्या दुखण्यात तो सोसण्यासारखा असतो. जबड्याच्या रुग्णाला मात्र तो नेमका वर्मी बसतो. दातांना तारा, वर-खाली रबरबँड, ब्रश नीट फिरत नाही, आहार सगळा पातळ आणि बहुधा गोड. त्यात लाळ आटली तर दात किडायला वेळ लागत नाही. कॅन्सरनंतर रेडिएशन झालेल्या माणसाची लाळ आधीच सुकलेली असते, आणि अशा जबड्यातला किडका दात काढणं पुढे हाडावर बेतू शकतं. अशा रुग्णाला अमिट्रिप्टिलीन देण्याआधी मी तरी डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारीन. त्याचंच सौम्य भावंड नॉरट्रिप्टिलीन, किंवा ड्युलोक्सेटिन, यांनी तोंड तुलनेने कमी सुकतं. आपल्याकडे नॉरट्रिप्टिलीन बऱ्याचदा नसेच्या दुखण्यावरच्याच गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनबरोबर एकाच गोळीत मिळतं. सोयीचं आहे, पण त्यात एकाचा डोस वाढवला की दुसऱ्याचाही वाढतो, हे लक्षात राहत नाही.

बद्धकोष्ठ होतं, वजन वाढतं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात ही गोळी चालत नाही, हृदयाच्या ठोक्यांत दोष असेल तर आधी ईसीजी हवा. आणि घरात लहान मूल असेल तर पाकीट कुलपात. या गटातल्या थोड्याशा गोळ्याही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

जबडा तारेने बांधलेला असेल तर गोळी जाणार कशी, हा प्रश्न साधा वाटतो, पण बाह्यरुग्ण विभागात तो विचारायचाच राहून जातो. अमिट्रिप्टिलीनची साधी गोळी कुटून पाण्यात देता येते का, हे त्या ब्रँडच्या आवरणावर अवलंबून असतं, आणि चव कडू. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात. त्यांवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं, म्हणून ते दाणे चुरडायचे नाहीत. शिवाय ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळते. तोंड बांधलेल्या माणसाला उलटीची भीती किती असते, हे ज्याला घरी जाताना तार कापायची कात्री बरोबर दिली गेली त्यालाच कळेल. म्हणून ३० मिलिग्रॅमने, खाऊन झाल्यावर सुरुवात, मग आठवड्याने ६०. त्याहून जास्तीने दुखण्यावर फार फायदा दिसत नाही.

नसेच्या दुखण्यापलीकडेही दोन कामांसाठी या औषधांना जबड्याच्या रुग्णाकडे बोलावलं जातं. पातळ आहारावर काही आठवड्यांत वजन उतरतं, रात्री झोप नाही, अन्नावरची वासनाच जाते. अशा वेळी काही डॉक्टर मिर्टाझापिन देतात. झोप आणि भूक वाढवणं हे त्याचे ‘दुष्परिणाम’, इथे तेच कामाला येतात. मळमळही त्याने थोडी कमी होते. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्याही मिळतात. पण बहुतेकांची भूक चावता येऊ लागलं की आपोआप परत येते, त्यामुळे ही गोळी सर्रास द्यायची नाही.

दुसरं काम जास्त विलक्षण. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात विल्यम लिडिएट आणि सहकाऱ्यांनी डोकं-मान-तोंडाच्या कॅन्सरच्या १४८ रुग्णांवर एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये छापून आला. हे रुग्ण तेव्हा नैराश्यात नव्हते. उपचार सुरू होतानाच निम्म्यांना एसिटालोप्रॅम हे नैराश्यविरोधी औषध, निम्म्यांना साखरेची गोळी. पुढच्या काही महिन्यांत साखरेच्या गोळीवरच्या जवळपास चौथ्या भागाला नैराश्य आलं. एसिटालोप्रॅमवरच्या १० टक्क्यांना. चेहरा बदलणार, बोलणं बदलणार, जेवण बदलणार हे माहीत असलेल्या माणसाला आधीच आधार देण्याचा हा विचार. आपल्याकडच्या कॅन्सर रुग्णालयांत यावर जास्त बोललं जायला हवं, असं माझं मत.

इथे एक उलटी बाजू आहे. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गटाने काही जण झोपेत दात करकरा खाऊ लागतात, जबडा आवळून धरतात. ताज्या सांधलेल्या हाडाला आणि सांध्याला हे नको असतं. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखत असतील, तर ते ऑपरेशनमुळेच असं गृहीत न धरता गोळीची तारीखही तपासावी. या गटाबरोबर आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घेतल्या की पोटातून रक्त जाण्याचा धोकाही वाढतो. आणि ट्रॅमाडॉल, जे आपल्याकडे ऑपरेशननंतर सढळ हाताने लिहिलं जातं, तेही सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही एकत्र झाली तर घाम, थरथर, धडधड, ताप, गोंधळ असा गंभीर प्रकार होऊ शकतो. फिट येण्याची शक्यताही वाढते. मानसोपचारतज्ज्ञांची चालू गोळी सर्जनना न सांगणं हे म्हणून महागात पडतं. लाजेपोटी ती लपवणारे बरेच असतात.

पुरावा किती भक्कम आहे, हेही सांगायला हवं. जुनाट दुखण्यावरच्या नैराश्यविरोधी औषधांचा, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा २०२३ मध्ये आला. १७६ अभ्यास त्यात होते. त्यांनी सर्वांत भरवशाचा कौल दिला तो ड्युलोक्सेटिनला. अमिट्रिप्टिलीनबद्दल अभ्यास जुने, छोटे, म्हणून ठाम बोलता येत नाही असा निष्कर्ष. बहुतेक अभ्यास पाय, पाठ, सर्वांगदुखी अशा दुखण्यांचे, आणि सरासरी अडीच महिन्यांचे. जबड्याच्या रुग्णाला जे दिलं जातं ते तिथून उचलून आणलेलं आहे, अधिक पन्नास वर्षांचा दवाखान्यातला अनुभव. तो अनुभव सांगतो की काहींना खूप गुण येतो, बऱ्याच जणांना थोडा, काहींना अजिबात नाही. दुखणं दहापैकी आठावरून चारावर आलं, तरी वेदनेच्या डॉक्टरांच्या हिशेबात ते यश आहे.

गुण आला तर गोळी साधारण सहा महिने चालू ठेवून मग कमी करून बघतात, आणि कमी करणं हळूहळूच. एकदम बंद केली तर झोप उडते, मळमळतं, डोक्यात झिणझिणी येते. दुखणं परत आलं असं वाटून माणूस पुन्हा पहिल्या डोसवर जातो. दर दोन-तीन आठवड्यांनी एक पायरी उतरायची. बरेच जण १० मिलिग्रॅमवर येऊन थांबतात आणि तिथून खाली उतरायचं धैर्य होत नाही. तेवढ्यावर राहायलाही डॉक्टरांची हरकत नसते, वर्षातून एकदा तपासणी झाली म्हणजे झालं.

मध्येच प्लेट काढायचं किंवा दाढ काढायचं ठरलं, तर भूल देणाऱ्यांना आणि दातांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगावं. हिरडीत देतात त्या भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुतेकदा एड्रिनॅलिन मिसळलेलं असतं, आणि अमिट्रिप्टिलीन घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने जास्त उसळू शकतो. त्यांना माहीत असलं की ते कमी मात्रेत देतात, किंवा एड्रिनॅलिनशिवायची बाटली काढतात.